दृष्टीला टांगलेला मुखवटा

मिस, तुम्ही मला कधीच आवडला नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल बरं बोलायची रीत आहे, पण माझ्या घरात तुमचं इतकं कौतुक झालंय की माझं एकटीचं नसलं तरी तुम्हाला काही कमी पडणार नाही. म्हणून आज मनात आहे ते लिहिते.

तुमचा हस्तकलेचा तास म्हणजे दर महिन्याला एक देश. परदेशी पुस्तकातलं चकचकीत चित्र तुम्ही फळ्याला लावायचात आणि बेंगळुरातल्या चामराजपेटच्या आम्ही पोरी महिनाभर जपानचे पंखे नाहीतर इजिप्तचे हार करत बसायचो. हात चिकट, फ्रॉकवर रंग. मजा यायची, ते मी नाकारत नाही. ती मजा जायची प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी. आम्ही घरी गेलो की तुम्ही प्रत्येकीच्या वस्तूवर स्वतःचा ब्रश फिरवायचात. फिनिशिंग म्हणायचात त्याला. सकाळी येऊन बघावं तर चाळीस पंखे सारखे. आईबाप ज्याला वा वा म्हणायचे ते तुमचंच काम असायचं, आणि तुम्ही बाजूला उभ्या राहून खुशाल हसायचात.

सातवीत आफ्रिका आली. एवढ्या मोठ्या आफ्रिकेतली नेमकी कुठली, ते तुम्ही सांगितलं नाहीत. फुगवलेल्या फुग्यावर पेपरच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून चिकटवायच्या, वाळल्या की फुगा फोडायचा, अर्धा भाग कापला की मुखवटा तयार. माझा मी घरी घेऊन गेले, तुमच्या ब्रशच्या तावडीत सापडू नये म्हणून. बटबटीत डोळे केले, हनुवटीखाली लोंबणारी लालभडक जीभ केली आणि गच्चीवर वाळत ठेवला. स्वतःवर इतकी खूश मी त्याआधी कधी झाले नव्हते.

त्याच वर्षी अण्णा, माझे वडील, बनशंकरीला घर बांधत होते. दिवसभर पीण्या भागातल्या कारखान्यात लेथवर उभं राहायचं आणि तिथून थेट नव्या भिंतींना पाणी मारायला जायचं, असं त्यांचं चाललेलं. आमच्या बेंगळुरात अर्धवट बांधलेल्या घराला नजर लागू नये म्हणून राक्षसाचं तोंड टांगतात, दृष्टी बोंबे म्हणतात त्याला. आईने गच्चीवर माझा मुखवटा पाहिला आणि तिची खात्रीच पटली की लेकीने आपल्या घरासाठी केलाय. मी शाळेत असताना तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, बसने बनशंकरी गाठली आणि लिंबू-मिरच्या बांधून तो पुढच्या खांबावर टांगला. संध्याकाळी मला म्हणते, "बाजारातलं कशाला आणायचं? आमच्या पोरीनं केलंय की." तिचा चेहरा बघून मुखवटा शाळेसाठी केलाय हे मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मुखवटा कुठे म्हणून विचारलंत, मी खरं ते सांगितलं. तुम्ही शिपायाला घरी पाठवून आईला बोलावून घेतलंत, मुखवट्यासकट. दुपारी ती येते. ठेवणीतली साडी, कडेवर मुखवटा, त्याच्या कपाळावर कुंकू तसंच. तिला मराठी आणि कन्नड येतं, इंग्रजी नाही. तुम्हाला इंग्रजी येतं, बाकी काही शिकायची तुम्हाला कधी गरज वाटली नाही. मध्ये मी. आणि मुलींना न्यायला आलेल्या बाकीच्या आया कान टवकारून उभ्या.

तुम्ही मला म्हणालात, "हिला सांग, मी इथे मुलांना जग दाखवते आणि ही माणसं त्याला लिंबू-मिरच्या बांधतात. अशा अडाणी घरांतून मुली आल्यावर मी काय कपाळ शिकवणार?" आई हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघते. "काय म्हणतायत गं? मला पण स्वल्प सांग की."

मी सांगितलं. "म्हणतायत, इतका जिवंत मुखवटा वर्गात कुणीच केला नाही. तुझा हात वेगळा आहे म्हणाल्या. सगळ्यांनी बघावा म्हणून परत मागवला."

आईने तुम्हाला हात जोडले. तुम्ही ओल्या फडक्याने ते कुंकू घासून काढलंत, तर ती माझ्या कानाशी म्हणाली, "किती जपून पुसतायत बघ." मग तुम्ही ती जीभही रंगवून झाकलीत आणि खाली तुमच्या अक्षरातली पाटी लावलीत: असे मुखवटे घरापासून दुष्ट शक्तींना दूर ठेवतात. अहो मिस, लिहिताना तुमचा हात कसा अडखळला नाही? अख्ख्या शाळेत त्या पाटीप्रमाणे वागलेली बाई एकच, आणि अडाणी तुम्ही तिलाच म्हणालात.

पुढे दर दिवाळीला आई तुमच्यासाठी चिरोट्यांचा डबा पाठवायची. तुम्ही तो घ्यायचात. डबा देताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण एकदा बोललेलं निभवायचं होतं. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा ती पदराने डोळे पुसत बसली, मी भाजी चिरत होते ती चिरत राहिले. आता ती थकलीय, कालचं तिला आठवत नाही. माझ्या मुलांना मात्र अजून सांगते, "तुमच्या आईचा हात सगळ्यात आधी त्या मिसनी ओळखला." मी मान डोलावते. जिवंत असेपर्यंत तिला खरं कळू देणार नाही, म्हणून हे पत्र लिहून झालं की फाडून टाकणार आहे.

फाडायच्या आधी एवढंच. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. कधीकधी चित्र हट्टाला पेटतं, काही केल्या जमत नाही, सगळं सोडून द्यावंसं वाटतं. तेव्हा एक वाक्य ऐकू येतं आणि मी पुन्हा ब्रश उचलते: तुझा हात वेगळा आहे. मीच रचलेलं आहे ते, घाईघाईत, आईला वाईट वाटू नये म्हणून. पण मला ते माझ्या आवाजात कधीच ऐकू आलं नाही, मिस. तुमच्याच आवाजात येतं, आणि चक्क मराठीत.