लाल दोऱ्याची झोळी

३ ऑगस्ट, रविवार

माझ्या लेकाचे कपडे गेले! मी जिती असताना, माझ्या घरातून, मला न इचारता!

मी वडगावला डोळे दाखवाय गेलते. तेवढ्यात सूनबाईंनी आदिनाथची पत्र्याची पेटी उघडली. सदरे, पँटी, निळ्या चौकड्याची लुंगी, स्वेटर — सगळं गाठोड्यात बांधून राजेश्वरीच्या बचत गटाला देऊन आली. गटानं म्हणे हाक दिलीय — घरात पडून असलेलं कापड द्या, बायका त्याचं काहीबाही शिवतील, लोकांच्या कामाला येईल. पडून असलेलं! माझ्या लेकाचं कापड पडलं नव्हतं. डांबरगोळ्या घालून ठेवलं होतं.

म्हणलं, "माधवी, कुणाला इचारून दिलंस?"

"आत्या, वर्ष झालं. कसर लागाय लागली."

"उद्या आला तर काय नेसंल? तुझं लुगडं?"

"आला तर नवं घेऊ."

"येणार न्हाई असं वाटतंय तुला?"

"येणाऱ्या माणसाला वर्षभर एक पँट पुरती व्हय?" एवढं बोलली आन भांडी घासाय बसली.

गेल्या वर्षी जुलैत सकाळीच नवरा-बायकोचं वाजलं. तो ताटावरून उठला, उपाशीच कामाला गेला. डोंगरावर पाहुण्यांना भाड्यानं देत्यात त्या बंगल्यावर माळी होता. संध्याकाळी आला न्हाई. तितला आचारी म्हणाला, कुणाच्या तरी स्कूटरवर बसून लोणावळा स्टेशनाकडं गेला. मग पोलिसांनी स्टेशनं बघितली. कुणी म्हणतं सुरतेला दिसला. कुणी म्हणतं दुसरी केली. मी म्हणते, बायकोनं दोन घास सुखानं खाऊ दिलं असतं तर गडी गेला नसता. तिच्या तोंडावर म्हणते. पाठीमागं बोलायची मला सवय न्हाई.

खाकी पँट तेवढी गाठोड्यात न्हाई. ती अंगावर गेली. तिचा खिसा फाटलाता, मी शिवलाता. घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून पोती शिवायच्या लाल नायलॉननं. म्हणाला, "आये, लोक हसतील." म्हणलं, तुझ्या खिशात डोकवाय कोण बसलंय?

नातीची, सृष्टीची, अर्धी कोरी वही ही. काढून घेतली लिहाय. न्हाईतर ही बी दिली असती तिच्या आईनं.

४ ऑगस्ट, सोमवार

गेले समाजमंदिरात. राजेश्वरी सतरंजीवर कात्री घेऊन बसलेली, भवताली गटाच्या बायका.

"या लीलामावशी, बसा."

"बसाय न्हाई आले. न्याय आले."

न्यायचं काय? सदऱ्यांच्या पट्ट्या झालेल्या. निळी चौकडी चार ठिकाणी.

म्हणलं, "काय शिवताय एवढं?"

"झोळ्या, मावशी. लोणावळ्याची ती पोरं न्हाईत का, दरीत पडलेल्यांना वर काढणारी? अडचणीच्या वाटंला त्यांचं स्ट्रेचर चालत न्हाई. चादरीत बांधून आणत्यात, चादर फाटती. जुन्या कापडाचे थर घालून जाड झोळी केली, चारी बाजूंनी धराय कान लावले, की झालं."

"म्हणजे मढी उचलाय."

"जखमी बी असत्यात की."

"माझ्या लेकाच्या सदऱ्यात कुणाचं मढं घालणार हाय तू?"

एकीला खोकला आला. आलाच असंल म्हणा, तोंड लपवाय पदर लागतोच.

मग टाके बघितले. एकेक टाका बोटभर लांब! त्यात भोपळा टिकायचा न्हाई, माणूस कुठला. कापलेलं काय परत सदरा होत न्हाई. सगळ्या पट्ट्या वटीत घेतल्या. म्हणलं, ह्या कापडाची झोळी मी शिवणार. दुसऱ्या कुणी सुई लावायची न्हाई.

६ ऑगस्ट, बुधवार

माधवीशी बोलत न्हाई. ती बी न्हाई. सृष्टी मधे बसून दोघींकडं भाकरी सरकवती.

१० ऑगस्ट, रविवार

झोळी झाली निम्म्याच्या वर. खाली माझं जुनं नऊवारी, दुहेरी. मधे त्याचे कपडे. वर परत लुगडं. लाल नायलॉन भरला. बोटाला भोकं पडली पण दोरा तुटणार न्हाई. आमच्या आईनं शिकवलं होतं, टाक्याचा शेवट मोकळा ठेवू नये. तीन टाके एका भोकातून फाकवून काढायचे, मागं एक शेपूट. कावळ्याचा पाय म्हणायची ती. मी काय बी शिवते, शेवट तसाच.

आईची आणखी एक रीत होती. गोधडीचा शेवटचा कोपरा मिटताना आत भाकरीचा तुकडा घालायचा. पोट रिकामं ठेवायचं न्हाई. त्यात निजणारा उपाशी निजत न्हाई, म्हणायची. फक्त मेलेल्याच्या कापडात घालत न्हाईत.

मी घातला. चांगला दोन बोटं घातला.

माधवी चिक्कीच्या कारखान्यातून आली, दारात उभी राहून बघत होती. हाताला गुळाचा वास. तिनं बघितलं. बघूदे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेत झेंडा झाला आन तितंच झोळ्या दिल्या. भाषण. फोटो. राजेश्वरी पुढं.

लोणावळ्याची पोरं आलीती. त्यांच्यात एक अरहम. उंच, दाढीवाला, बापाचं चपलांचं दुकान हाय म्हणे. माझी झोळी उलटीपालटी करून बघत बसला.

"आजी, हे कोपऱ्यात काय? कोंबडीचा पाय?"

"कावळ्याचा. दोरा सुटू नये म्हणून."

"म्हणजे तुमची सही आहे!"

"सही कागदावर करत्यात. चौथी शिकलेय मी, येती मला सही. ह्यो टाका हाय."

मग स्वतःच झोळीत आडवा झाला. चौघांनी उचलला, शाळेच्या अंगणात फिरवला. पोरं आरडाय लागली. "अरे मेलो नाही मी अजून, हळू!" सगळी हसली. माधवी बी हसली. वर्षात पैल्यांदा ऐकलं तिचं हसणं. मला राग आला. कशाचा ते कळलं न्हाई.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

झोळीला उंदीर लागले!

अरहमचा सृष्टीच्या फोनवर फोन. "आजी, कोपरा कुरतडलाय. आत काही खायचं होतं का?" म्हणलं, भाकरी होती. मग म्हणाला, "आजी, भाकरी आम्हाला द्या, झोळीला नको." लय शाणा.

झोळी आली, कोपरा नव्यानं शिवला. भाकरी न घालता.

माधवी म्हणाली, "बरं झालं. त्यात कोण निजाय थोडंच जातंय."

तोंड हाय का काय हिचं! पण तिचं खोटं बी न्हाई.

१ सप्टेंबर, सोमवार

आज गौरी जेवल्या. आमच्या घरी न्हाईत बसवल्या, दुसरं वर्ष. माधवीला कुणी हळदी-कुंकवाला बोलवलं न्हाई. गळ्यात मंगळसूत्र हाय, नवरा न्हाई. सवाष्ण म्हणावं का काय म्हणावं, बायकांना कळत न्हाई. म्हणून बोलवतच न्हाईत. सोपं पडतं.

आन आजच झोळी धुवाय आली. काल धबधब्याच्या अंगाला एक पिंपरीकडचा पोरगा घसरला. वर काढला, पण मेलेलाच. झोळी चिखलानं, रक्तानं भरलेली. ती बघून नळावरच्या बायका घागरी घेऊन पळाल्या. राजेश्वरी म्हणाली, "मावशी, माझ्या घरी गौरी हायत, मला चालत न्हाई." शिवताना चाललं. फोटोत चाललं.

मी उचलाय गेले तर माधवी पुढं आली. पदर खोचला, दगडावर बसली, धुवाय लागली. पाणी लाल निघालं, मग गढूळ, मग साधं. एका ठिकाणी वरचं लुगडं फाटून आतली निळी चौकडी दिसत होती. तितं तिचा हात थांबला. तेवढंच. परत घासाय लागली.

म्हणाली, "आत्या, ह्या पोराची आई आता रडून मोकळी होईल."

मी पिळाय दुसरं टोक धरलं.

३ सप्टेंबर, बुधवार

फाटलं होतं तितं ठिगळ लावलं. झोळी लोणावळ्याला गेली.

९ सप्टेंबर, मंगळवार

पितृपक्ष लागला. राजेश्वरी ताक न्याय आली आन पडवीत रेंगाळली. म्हणलं, हिच्या तोंडात काहीतरी घोळतंय.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका. औंदा आदिनाथचं पान वाढणार का?"

"कुणाला?"

"म्हणजे… कावळ्याला. आत्मा अडकून राहू नये, म्हणून बोलते."

"जित्या माणसाचं पान कावळ्याला टाकत्यात व्हय ग तुमच्याकडं? तुझ्या नवऱ्याचं टाक आधी, मग मला इचार!"

गेली. ताक बी हितंच राहिलं.

माधवी आत ऐकत होती. रात्री जेवताना म्हणाली, "तुमी पान वाढा न्हाईतर वाढू नका. पण एक काय ते ठरवा. मला घरात नवऱ्यानं टाकलेली म्हणता, बाहेर विधवा म्हणत्यात. मी तरी कुणाकडं बघून कुकू लावू?"

म्हणलं, "तुझ्यामुळंच गेला तो."

सृष्टी ताट ठेवून उठली. ही बी आता ताटावरून उठाय शिकली.

१४ सप्टेंबर, रविवार

धुकं. पोरांची गाडी गावातनं वर गेली. परत कुणीतरी पडलंय. मागं उघड्यावर झोळी दिसली, माझी. लाल दोरा लांबून ओळखू येतो.

१५ सप्टेंबर, सोमवार

अरहम आला. एकटाच. झोळी काखेत. चपला काढल्या पण आत येईना, उंबऱ्याशीच बसला. आज मस्करी न्हाई.

म्हणलं, "चा घे."

"नको आजी. आजी, काल ज्याला काढायला गेलो, त्याला काढला. त्याच्या खाली झाडीत अजून एकजण आहे. जुना. वर्षभराचा तरी."

"मग? मला कशाला सांगतोस?"

पायाच्या बोटांकडं बघत म्हणाला,

"खाकी पँट आहे. कापड गेलंय सगळं. पण खिसा तेवढा राहिलाय. लाल दोऱ्यानं शिवलेला. आणि शेवटाला…" झोळीचा कोपरा माझ्यापुढं केला आन कावळ्याच्या पायावर बोट ठेवलं.

मी ते बोट बघत बसले. नखात माती होती.

"कुटं?"

"खिंडीच्या पायवाटेखाली. बंगल्यावरून तुमच्या औंढ्याला उतरतात ना, त्या वाटेला. खिंड ओलांडून या अंगाला."

या अंगाला. म्हणजे खिंड चढून झालीती. आता नुसतं उतरायचं होतं. खाली आमच्या घराचा पत्रा दिसतो तितनं.

माधवी घागर घेऊन आली होती, माझ्या पाठीमागं उभी. मला कळलंच न्हाई कधी आली. घागर खाली ठेवली तिनं, नीट, पाणी न सांडता. मग म्हणाली,

"आत्या, ते स्टेशनाकडं गेलेच नव्हते. घरला येत होते."

आचारी कुणाला बघून बोलला देव जाणे. आन आमी वर्षभर सुरत धरून बसलो.

अरहम म्हणाला, "उद्या पोलिसांबरोबर उतरणार. ही धुऊन आणलीय आम्हीच. हिच्यातच आणू ना आजी?"

म्हणलं, "ठेव. सकाळी घेऊन जा. मला जरा काम हाय तिच्यावर."

तो गेला. माधवी रडली न्हाई. भिताडाला टेकून बसली. मी बी तितंच बसले, तिच्याशेजारी. सृष्टी शाळेतनं आली तवा दोघी तशाच. पोरीला तिनंच सांगितलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी कोपरा उसवला. मेलेल्याच्या कापडात घालत न्हाईत, ठाऊक हाय मला. आई वर बसून काय म्हणायचं ते म्हणूदे, उंदीर लागले तर लागूदे. भाकरी घातली, अर्धी. माधवीनं थापली, मी मिटली. उपाशी गेलता तो.

दुपारी वर जायचंय. खिसा मी ओळखणार, टाका माझा हाय. पण साहेब इचारणार, ह्यो तुमचा कोण? गाव असंल तितं, राजेश्वरी असंल, सगळ्या असतील. त्याचं उत्तर माधवीनं द्यायचं. मोठ्यानं. दुसऱ्या कुणी मधे तोंड घालायचं न्हाई. मी बी न्हाई.