वर्तकनगरातला माझा मित्रपरिवार

३ जानेवारी १९९४, सोमवार
इंदूर सोडून आठ दिवस झाले. ऑफिस दिल्लीत, मी ठाण्यात, मामांच्या रिकाम्या ब्लॉकमध्ये. काम घरबसल्या: मिक्सर-गिझरच्या इंग्रजी माहितीपुस्तिका मराठीत करून कुरियरने पाठवणे. बॉस नाही, मस्टर नाही. बोलायलाही कुणी नाही. आज दिवसभरात एकच वाक्य बोललो, तेही दार चुकलेल्या माणसाशी: ‘‘नाही, शालनताई समोर राहतात.’’
संकल्प: महिन्याभरात दहा मित्र. माणसं जोडणं आम्हा इंदूरकरांच्या रक्तातच आहे.

५ जानेवारी
शालनताईंना (शाळेत शिक्षिका) पोहे खायला बोलावलं. म्हणाल्या, वेळ कुठाय हो! मग थबकल्या. तुम्ही दिवसभर घरीच असता? मी अभिमानाने हो म्हणालो. लगेच किल्ली दिली. सिलिंडर येईल, घ्याल ना?
दोन दिवसांच्या ओळखीत घराची किल्ली! इंदूरला सख्ख्या काकांनीही दिली नव्हती.

१२ जानेवारी
किल्ल्या चार. वरच्या मजल्यावरचा धाकू, मूळचा चेंदणी कोळीवाड्याचा, सुक्या बोंबलांची पिशवी ठेवून गेला. बहीण न्यायला येईल म्हणाला. आली नाही. मी शाकाहारी. पण नातं जवळचं असलं की थोडा वास येणारच.

२० जानेवारी
मामांचा फोन आता बिल्डिंगचा फोन. सात घरांनी हा नंबर नातेवाइकांना दिलाय. निरोप द्यायला नऊ वेळा जिना चढलो-उतरलो. सगळे मला ‘फोनवाले’ म्हणतात. टोपणनाव पडलं म्हणजे आपुलकी आली.
मिक्सर चौथ्या पानावरच. उद्यापासून दहा ते सहा फक्त काम.

२८ जानेवारी
काम झालं नाही. दोन सिलिंडर, एक मीटरवाला, असंख्य फोन. त्यातला एक दिल्लीच्या ऑफिसातून बत्रासाहेबांचा. पुस्तिका कुठाय? मी सांगितलं, इथे माझं सोशल सर्कल वाढतंय. त्यांनी फोन ठेवला. इम्प्रेस झाले असावेत.

४ फेब्रुवारी
झाले नव्हते. दिल्लीला बोलावलंय. आठवडाभर त्यांच्यासमोर बसून काम संपवायचं, नाहीतर नोकरी संपली.
जिन्यातल्या फळ्यावर लिहिलं, ‘रविवारी दिल्लीला जात आहे.’ लोकांना धक्का बसणार.

६ फेब्रुवारी, रविवार
सकाळपासून रीघ. अकरा घरची माणसं! चहा टाकला होता. कुणी बसलं नाही, किल्ल्या घेऊन गेले. भरून आलं की माणसाला बसवत नाही. शालनताईंनी तर विचारलंच, परत कधी? आठवड्याने, म्हटलं. चेहरा पडला त्यांचा. म्हणाल्या, अहो, बुधवारी सिलिंडर आहे!

१५ फेब्रुवारी
परतलो. नोकरी शाबूत. कुणाला संकोच वाटू नये म्हणून दार उघडं ठेवून बसलो. चार वाजेपर्यंत कुणी नाही. फोनही नाही.
खाली गेलो. तळमजल्यावर दामाजी, मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले. भिंतीवर खिळे, खिळ्यांना किल्ल्या, खाली नावं. नवा फोनही लागलाय. बसा म्हणाले. बायको गेल्यापासून घर खायला उठतं म्हणाले. चहा केला, साखर विसरले. मी प्यायलो. तेवढ्यात धाकू किल्ली न्यायला आला. मी म्हटलं, आलो बरं का दिल्लीहून! तो म्हणाला, ‘‘तुमी गेलेलात?’’

१६ फेब्रुवारी
सकाळी माझी एक किल्ली दामाजींकडे ठेवली. ते म्हणाले, अहो, तुम्ही तर घरीच असता. म्हटलं, असू द्या.
संध्याकाळी मागायला जायचंय.