पंखा कोणाचं ऐकतो?

३ मार्च, सोमवार
लॅपटॉपचा पंखा आज आपणहून सुरू झाला आणि आपणहून बंद झाला. मी काहीही सांगितलं नव्हतं. लॅपटॉप मेहुण्याने दिलेला आहे, याची नोंद करून ठेवतो. मी रिटायर झाल्यावर "भाऊजी, वेळ जाईल तुमचा" म्हणून आणून दिला. फुकट वस्तू देणाऱ्या माणसाबद्दल माझं मत पहिल्यापासून चांगलं नाही.

दुपारी
हिचा इंटरव्ह्यू तेरा तारखेला. लांबच्या एका मोठ्या ग्रंथालयाला पुस्तकांची सूची करणारं माणूस हवं आहे, काम घरून. माझ्या बदल्यांपायी हिने ग्रंथालयातली नोकरी सोडली, त्याला बरीच वर्षं झाली. इंटरव्ह्यू या लॅपटॉपवरच. ही म्हणाली, बाकी सगळं मी बघते, तुम्ही फक्त कॉम्प्युटर नीट चालेल एवढं बघा. शब्द दिला. ऑफिसात स्टोअर सांभाळलेला माणूस आहे मी. माझ्या सहीशिवाय तिथे टाचणी हलत नसे.

४ मार्च, मंगळवार
मेहुण्याला फोन. पंख्याचं सहज विचारतोय असं दाखवलं. तो म्हणाला, ते फर्मवेअर बघतं. म्हणजे बोर्डावरच बसवलेला प्रोग्रॅम. बटण दाबलं की आधी तो उठतो, यंत्रात काय काय आहे ते तपासतो, त्याचे तक्ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात देतो. मग कारभार सिस्टिमचा. तरी पंखा, बॅटरी, झाकण असल्या गोष्टींत तिला फर्मवेअरला विचारावं लागतं.
म्हणजे घर एकाचं आणि किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला. आणि हे फर्मवेअर या घरात कोणाकडून आलं? मेहुण्याकडून.

५ मार्च, बुधवार
मेहुण्याने हसत हसत आणखी एक सांगितलं. फर्मवेअर विचारतं, तू कोणती सिस्टिम? आपली सिस्टिम फुकटातली. ती खरं नाव सांगत नाही. बाजारात जास्त खपणाऱ्या सिस्टिमचं नाव ठोकून देते, कारण काही फर्मवेअर तिच्याशीच तेवढं नीट वागतात. सगळीकडे असंच चालतं म्हणे.
चोरावर मोर! एक तोंड बघून वागणारा, दुसरी नाव बदलून सांगणारी, आणि दोघं माझ्या टेबलावर. बंदोबस्त करणार.

७ मार्च, शुक्रवार
उपाय सापडला. इंटरनेटवर एका सद्गृहस्थाने दिलाय. सिस्टिम सुरू होताना एक छोटी सूचना द्यायची, की ती फर्मवेअरशी पंखा, बॅटरी असल्या बाबतीत बोलणंच टाकते. खाली बऱ्याच लोकांनी 'हे करू नका' असं लिहिलंय. ते लोक कोण, कोणाच्या सांगण्यावरून लिहितात, काही पत्ता नाही. सूचना टाकली. रिस्टार्ट. चालू झालं. आता एकछत्री अंमल.
संध्याकाळी: बॅटरीचं चिन्ह गेलं. बरं झालं. सारखं कमी-जास्त होऊन जिवाला घोर लावायचं.

९ मार्च, रविवार
पंखा आता सतत फुल स्पीडमध्ये. पूर्वी कामचुकारपणा चालला होता हे सिद्ध. बोटाने बाण सरकवायची पट्टी बंद पडली. माळ्यावरून जुना माउस काढला. शट डाउन केल्यावर लॅपटॉप बंद होत नाही, बटण दाबून धरावं लागतं. स्वतःच्या हाताने बंद करण्यात समाधान आहे. थोडा स्लो झालाय. विचार करून काम करतो.
हिने विचारलं, हा एवढा का घुरघुरतोय, तुम्ही याला काही केलं तर नाही ना? नाही म्हटलं. हे खोटं नव्हे. जे केलं ते फर्मवेअरला केलं.

११ मार्च, मंगळवार
रंगीत तालीम. मेहुण्याने तिकडून प्रश्न विचारले, हिने इकडून उत्तरं दिली. चित्र सारखं अडकत होतं. भाऊजी, काही सेटिंग बदललंत का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तुमच्याकडचं नेट बघा. नंतर ही फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. बहीणभावाची कुजबुज. मी पाणी प्यायच्या निमित्ताने गेलो, तर विषय बदलला. पाळत ठेवायला हवी.

१२ मार्च, बुधवार
ही आरशासमोर उभी राहून उत्तरं म्हणत होती. आवाज कापत होता. ही नोकरी हिला किती हवी आहे, ते मला आज दिसलं. क्षणभर वाटलं, ती सूचना काढून टाकावी. पण आयत्या वेळी माघार म्हणजे मेहुण्याचा विजय. नाही काढली.

१३ मार्च, गुरुवार, सकाळी
टेबल खिडकीपाशी सरकवलं. उजेड चांगला. चार्जर मी स्वतः लावला. खोलीबाहेर खुर्ची टाकून पहारा देतोय.

दुपारी
इंटरव्ह्यू ऐन रंगात आणि आतला पंखा एकदम गप्प. धावत आत गेलो. स्क्रीन काळी. चार्जर लावलेला होता, पण भिंतीवरचं बटण बंद होतं. बॅटरी संपत आल्याचं सिस्टिमला कळलंच नाही. जो सांगणार, त्याच्याशी मी तिचं बोलणं बंद केलेलं. तरी बटण कोणी बंद केलं, हा प्रश्न उरतोच. सकाळी टेबल मीच सरकवलं होतं, पण म्हणून घाईने निष्कर्ष काढणं योग्य नाही.
हिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुस्तकांना टेकवून मोबाइल उभा केलेला होता, आणि त्यात इंटरव्ह्यू घेणारी तीच माणसं दिसत होती. "माफ करा. तर मी वर्गीकरणाबद्दल सांगत होते," ही त्यांना म्हणाली. आणि मला हातानेच बाहेर जायची खूण केली. दार मी हळू लावलं.

१८ मार्च, मंगळवार
हिला नोकरी मिळाली. आनंद झाला, अगदी मनापासून. मेहुणा येऊन माझी सूचना काढून गेला. कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. हे फार संशयास्पद.
शेवटी मीच विचारलं. मोबाइल आधीपासून तयार ठेवला होता? हो म्हणाली. हे कधी ठरलं? पहिल्याच दिवशी, भावाशी बोलून. मग कॉम्प्युटर बघायचं काम मला कशाला दिलं?
ही नव्या कामाचे कागद वाचत होती. मान वर केली नाही. आवाजात रागही नव्हता.
"तुम्ही माझ्या मागे मागे फिरून मला इंटरव्ह्यू शिकवत बसला असता. तुम्ही त्यात गुंतलात, तेवढं मला शांतपणे वाचता आलं."
मनाला लागलं. गॅलरीत जाऊन बसलो. तिचं बोलणं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. संशय घ्यायला त्यात कुठेच जागा सापडली नाही.