अर्ध्या कोर्टाचे नकाशे

घाटंजी, दि. ८ जून

ती. दादास, कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

अडीच महिने पत्र लिहिलं नाही, त्याची आधी माफी मागते. बारावीचे पेपर तपासत होते हे कारण खरं आहे, पण पेपर एप्रिलअखेर संपले. मे महिन्यासाठी माझ्याकडे कारण नाही. रुसले होते म्हण. तू लिहिलं होतंस की मी टेनिस पाहतच नाही, तुझी पत्रं वाचते आणि त्यालाच टेनिस समजते. विचार केल्यावर ते खरं वाटलं, म्हणून राग जास्त आला.

तर यंदा पॅरिसची मॅच मी स्वतः पाहिली. आमच्या चारुदत्तांनी त्यांच्या मोबाइलवर लावून दिली आणि वर म्हणाले की आता भाऊबहीण दोघंही कामातून गेले. आपला लाडका डावखुरा खेळाडू सदतिसाव्या वर्षी कसा पळतो रे! मी भाजी गॅसवर विसरले.

परवा त्याच मॅचचं तुझं पत्र आलं. मी अमरावतीला होस्टेलवर होते तेव्हापासूनची रीत तू मोडलेली नाहीस: रेघांचा कागद, पेन्सिलीने काढलेलं कोर्ट, मोठ्या पॉइंटला एकेक ठिपका. पण या वेळी पहिल्यांदाच मी मॅच पाहून नकाशा वाचत होते. तिसऱ्या सेटमध्ये डावखुऱ्याने निदान पाच पॉइंट पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात मारून घेतले. तुझ्या नकाशात तिथे एकही ठिपका नाही. असा पक्षपात का? की म्हातारपणी आळस?

हे फोनवर विचारलं असतं, पण फोनवर टेनिस बोलायचं नाही हा तुझा नियम. मी एकदा, एकदाच, तू रीप्ले पाहण्याआधी निकाल बोलून गेले, त्याची शिक्षा सहा वर्षं भोगते आहे. भैरवीवहिनींशी मात्र बोलले. त्या म्हणाल्या की तू खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढली आहेस की त्यांना केर काढता येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे एप्रिलमध्ये गेला होतास ना? काय म्हणाले?

रुसवा संपला आहे, माया होती तेवढीच आहे.

तुझी कुंदा

*

यवतमाळ, दि. १४ जून

चि. कुंदास, अनंताचे अनेक आशीर्वाद.

एक मॅच पाहिली आणि लगेच पंच झाली! मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर तुले कोपरा दिसला आणि मले नाही, असं म्हणणं आहे काय? तीस वर्षं मी नकाशे काढून राह्यलो, कधी तक्रार नाही आली. तो कोपऱ्याचा फटका काही विशेष नव्हता, म्हणून ठिपका दिला नाही. समजलं?

खुर्चीचं म्हणशील तर पंख्याच्या आवाजात कॉमेंट्री ऐकू येत नाही, म्हणून पुढे घेतली. तुझ्या वहिनीले केर काढायले तेवढीच जागा काहून लागते, हे तिलेच विचार.

डॉक्टरांनी नंबर बदलून दिला आणि थेंब दिले. सकाळी सात, संध्याकाळी सात. थेंब टाकले की पंधरा मिनिटं सगळं धूसर होते आणि सातच्या सुमारास नेमका सेट रंगात आलेला असते. म्हणून मॅचच्या दिवशी संध्याकाळचे थेंब मी रद्द करतो. डॉक्टरले टेनिस कळत असतं तर त्यानंच वेळ बदलून दिली असती.

ऑफिसातला बादल राठोड रविवारी तांड्यावरून येते आणि माझ्यासोबत बसते. त्याले टेनिसातलं ओ की ठो कळत नाही, पण बिचारा मले स्कोअर वाचून दाखवते, मध्येच आपल्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत त्या पंचाले शिव्या देते आणि चहा दोन कप पिते. सोबतीले बरा आहे.

डावखुऱ्यानं जाहीर केलं, हे त्याचं शेवटचं वर्ष. विंबल्डनचा एकही दिवस सोडणार नाही.

रागाचे का होईना, पण पत्र येऊ दे.

अनंत

*

घाटंजी, दि. २३ जून

ती. दादास, सा. न.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन फाडली, कारण एकात मी नुसती ओरडत होते आणि दुसऱ्यात नुसती रडत होते.

स्कोअर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात असतो, दादा. तो तुला बादल का वाचून दाखवतो?

तुझे गेल्या तीन वर्षांचे नकाशे मी पलंगावर ओळीने मांडले. चौदा निघाले. पहिल्या चारांत ठिपके कोर्टभर आहेत. सहाव्यापासून डावीकडचे विरळ होतात, दहाव्यानंतर जवळजवळ नाहीतच. शेवटच्यात डावी कडेची रेघसुद्धा नीट पोचलेली नाही. चारुदत्त चष्मा पुसून दोनदा बघून गेले आणि तिसऱ्यांदा येऊन ठिपके मोजायला बसले. ते मोजायला बसले तेव्हा मी घाबरले.

मग मी तुला मुळीच खपणार नाही असं काम केलं. बादलभाऊंना फोन केला. ते आधी टाळत होते. मग म्हणाले, बाई, साहेबांनी शपथ घातली हाय, पण मागच्या महिन्यात ऑफिसच्या जिन्यात डाव्या बाजूनं येणाऱ्या माणसाले धडकले, फायली सांडल्या, अन वरून त्यालेच अंधा म्हणाले. त्यांच्यावर रागावू नकोस. मी विचारलं म्हणून ते बोलले.

नंबर बदलला, एवढंच डॉक्टर म्हणाले असतील यावर माझा विश्वास नाही. खरं काय ते लिही. आणि थेंब रद्द करणारा तू कोण? मी वर्गात मुलांवर चिडते तेव्हा निदान ती सतरा वर्षांची असतात!

तुझ्या त्याच दवाखान्यात सोमवार, ७ जुलैची वेळ घेतली आहे. सकाळी अकरा. जायचं आहे.

आशीर्वाद नंतर दे, आधी उत्तर दे.

कुंदा

*

यवतमाळ, दि. २ जुलै

चि. कुंदास, आशीर्वाद.

तू मास्तरीण झाली नसती तर पोलिसात गेली असती.

लिहितो. काचबिंदू आहे. डावा डोळा बहुतेक गेला. उजव्याचा नाकाकडचा, म्हणजे डावीकडचं दिसणारा भाग गेला आहे. गेलेलं परत येत नाही. उरलेलं वाचवायचं तर ऑपरेशन, तेही लवकर, असं डॉक्टर एप्रिलमध्ये बोलले. तुझ्या वहिनीले मी चष्म्याचं सांगितलं. तिनं वर्षभर तिच्या आईचं आजारपण काढलं, तिले पुन्हा दवाखान्याच्या बाकावर कायले बसवू?

आता रागावू नको. ७ तारखेची वेळ मी फोन करून रद्द केली. डावखुरा टिकला तर त्या सोमवारी त्याची मॅच आहे आणि ऑपरेशन झालं की डोळ्यावर पट्टी. स्पर्धा १३ तारखेला संपते. त्यानंतर तू म्हणशील तिथे येतो. आठवड्यानं काय होते? मले त्याले शेवटचं खेळताना माझ्या डोळ्यांनी पाहू दे. नंतर काय दिसते, काय नाही, कोणाले माहीत. ऑफिसात काम केलं, घर केलं, पण खरा आनंद मले कशात झाला असं विचारशील तर यातच झाला. बायकोपुढे हे बोलता येत नाही.

तुले समजलं तर तुलेच समजेल, म्हणून तुले सांगतो.

अनंत

*

घाटंजी, रविवार, दि. ६ जुलै

ती. दादास, कुंदाचा नमस्कार.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. समजलं, हेच तर वाईट. पहिल्यांदा वाचून मला तुझं पटलं. अर्धा तास खरोखर पटलेलं होतं. मग मीच माझ्यावर चिडले.

तीन वर्षं माझ्या हातात ते कागद होते. मी ते फाइलला लावत होते, मैत्रिणींना दाखवत होते, आणखी पाठव म्हणून तुझ्यामागे लागत होते. एकदाही कागदाकडे नीट पाहिलं नाही. थेंब चुकवून पाहिलेल्या मॅचची जी पत्रं तू लिहिलीस, ती मीच मागितली होती. हे तुझा दोष कमी करायला लिहीत नाही. मला याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

पण एक कळतं. एप्रिलमध्ये डॉक्टर बोलले, त्यानंतर तू पॅरिस पाहिलंस, आता विंबल्डन पाहतो आहेस. १३ तारखेनंतर न्यूयॉर्क येईल आणि डावखुरा तिथेही शेवटचंच खेळेल. तू मागतो आहेस तो आठवडा नाही, डोळा आहे. तो मी देणार नाही. तुझी परवानगी न घेता ठरवायचा मला हक्क आहे का, हे मी रात्रभर स्वतःला विचारलं. तरी ठरवलं.

दवाखान्यात काल फोन केला. तिथल्या दिपाली सिस्टर म्हणाल्या की रद्द झालेली वेळ अजून कोणाला दिलेली नाही. ती परत घेतली; डॉक्टर उद्या तपासून लगेच ऑपरेशनला घेतील. भैरवीवहिनींनाही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मले न सांगायले मी काय परकी आहे? आणि विचारलं की उपाशीपोटी न्यायचं की जेवून. तुझं पत्र मात्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही. ते आपल्या दोघांतलं राहील.

उद्याची मॅच हुकेल. मी त्याला नाइलाज म्हणणार नाही, मीच ती हुकवते आहे. आयुष्यभर बोल लावलास तरी ऐकून घेईन.

हे पत्र मी पोचल्यावर तुला मिळेल, हे मला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण समोर बसून मला यातलं एक वाक्य धड बोलता येणार नाही. माया असू दे, चिडून का होईना.

तुझी कुंदा

(कुंदाच्या वहीतली नोंद) उद्या: सकाळी सहाच्या एस.टी.ने यवतमाळ, दादाला त्याच्या डाव्या बाजूने धरून दवाखान्यात नेणे.