डाव्या हाताची राळ

२ मार्च

आज नवऱ्याला शर्टाची बटणं लावता आली नाहीत. डावा हात. "हल्ली बटणं बारीक करतात," म्हणाला. शर्ट दोन वर्षांपूर्वीचा! मी लावून दिली. एवढ्या अगडबंब माणसाची बटणं लावताना हसू यायला हवं होतं.

५ मार्च

डॉक्टरने फिल्म उजेडावर धरली. मानेतली चकती सरकून नसेवर बसली आहे. "वजन उचलणं आजपासून बंद. ऑपरेशन करून घ्या. एखादा झटका बसला तर मानेखाली काही हलणार नाही."

नवरा हसला. जिन्यात म्हणाला, "स्वतःची बॅग कंपाउंडरला उचलायला लावतो, आणि मला शिकवतो!" मग लगेच — "आईला कळता कामा नये. कोचला तर नाहीच."

आंतरराष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आली आहे. जगातल्या बलदंडांच्या या स्पर्धेत उतरणारा आपल्याकडचा हा पहिलाच. गल्लीच्या तोंडाशी त्याचा फोटो लागला आहे.

९ मार्च

स्पर्धेच्या शेवटी सिमेंटचे गोळे छातीशी कवटाळून ओट्यांवर चढवायचे, प्रत्येक पुढचा आधीच्याहून जड. शेवटच्याला कोच 'सासरा' म्हणतो. "सासऱ्याला नीट बसवलं की सुटलास!"

गोळा निसटू नये म्हणून हातांना चिकट राळ फासतात. संध्याकाळी ती तेलाने पुसून काढायची, हे माझं काम. आज पाहिलं — डाव्या हातावर दुप्पट थर. गोळा घसरतोय हे त्या हाताला कळतच नाही. म्हणून चिकटवून टाकतोय!

पुसताना त्याच्या करंगळीत नख रुतवलं. तो बोलत राहिला. कुणा दाढीवाल्या प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यांबद्दल.

१० मार्च

सासूबाई म्हणाल्या, चेहरा का उतरलाय? म्हटलं, दाढ दुखतेय.

१४ मार्च

स्पर्धेचा पहिला दिवस. स्टेडियममागच्या खोलीत सगळे धिप्पाड पुरुष बाकांवर मुलांसारखे बसलेले. त्याच्या पाठीला गुडघा लावून मी पट्टा आवळला. "अजून," तो म्हणाला. "अजून." त्याच्या मानेकडे बघवेना.

ट्रक ओढला. लोखंडी चौकट खांद्यावर घेऊन धावला. तिसरा आला! कोचने मला मिठीच मारली. "वहिनी, उद्या गोळे. गोळ्यांत याला तोड नाही."

खोलीवर आल्यावर तो अंग पुसायचा टॉवेल डाव्या हाताने उचलायला गेला. बोटं मिटलीच नाहीत. मी पाहिलं, हे त्यानेही पाहिलं. दोघांनी दिवा बंद केला.

१५ मार्च

केलं.

दुपारी स्पर्धेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. चकती, बोटं, राळ. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलणार होत्या, बोलल्या नाहीत. "तुम्ही जा," एवढंच.

गोळ्यांच्या आधी त्याला तपासायला बोलावलं. बाहेर आला तो बाद होऊनच. राळेचा डबा भिंतीवर फेकला. "कुणी सांगितलं? कुणी?" सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

मला खोटं बोलता आलं नाही.

१६ मार्च

परतीचा प्रवास. कोच खिडकीकडे तोंड करून. घरी सासूबाई दारातच — "वैऱ्यानेही असं केलं नसतं गं." त्यांना मानेचं सांगितलं. म्हणाल्या, "माझ्या पोराला काय होतंय!" तो शेजारी उभा होता.

ऑपरेशनला मात्र हो म्हणाला. अगदी सहज. मला नवल वाटलं.

१९ मार्च

ताट वाढलं की घेतो. माझ्याकडे बघत नाही. दुकानदारही आज सुटे पैसे देताना बोलला नाही.

आपण चुकलो का? नाही. नाही. पण मग रडू का येतं?

२१ मार्च

डॉक्टरीणबाईंचा फोन. ऑपरेशन कधी आहे, विचारायला. मग थांबून म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या आधी ते स्वतः येऊन गेले होते. सकाळीच. 'मला थांबवा,' म्हणाले, 'पण मी आलो होतो हे कुणाला कळू देऊ नका.' तुम्हाला सांगायला नको होतं. पण राहवलं नाही."

बाहेरच्या खोलीत कोच बसला होता. नवरा त्याला सांगत होता, "घरचंच माणूस आडवं आलं, नाहीतर सासऱ्याला बसवलंच असतं!"

मी दारात जाऊन उभी राहिले. कोच म्हणाला, "वहिनी, असं करायला नको होतं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. कानापर्यंत लाल.

"पुन्हाही करीन," मी म्हटलं.