कठड्याची होडी

४ फेब्रुवारी

चि. ठकीस, काकाचे अनेक आशीर्वाद.

खुशाली कळली. इथे मी ठीक, काकू ठीक, आणि होडी ठणठणीत. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडून बसलो, आता ही शिडाची होडी उघडून बसलोय. दोन वर्षांत तिचा एकेक स्क्रू ओळखीचा झालाय. मे महिन्यात समोरच्या बेटावर दोघांनी जायचं, हे माझं ठरलंय. काकूचं ठरलेलं नाही. तिला पोहता येत नाही, आणि माझ्या शब्दावर तिचा किती भरवसा आहे ते तू लहानपणापासून बघतेयस. काल म्हणाली, ठकी होड्यांचे आराखडे काढते. ही उलटणार नाही असं तिने लिहून दिलं तरच पाय ठेवीन, नाहीतर तुम्ही आणि तुमची होडी.

तेव्हा मूळ आराखड्याच्या कागदावरून आकडे जसेच्या तसे उतरवतोय. लांबी साडेआठ मीटर, पाण्याला टेकते तिथे सात. रुंदी दोन मीटर साठ. वजन अठ्ठावीसशे किलो, त्यात तळाच्या कण्यातलं शिसं अकराशे वीस. शिडं बत्तीस चौरस मीटर. लवकर उत्तर दे, माझा जीव टांगणीला आहे.

वेळेवर जेवत जा असा काकूचा निरोप. माझाही तोच.

तुझा काका

१२ फेब्रुवारी

ती. काकांस, सा. न. वि. वि.

होडी मला आवडली. वजनाच्या चाळीस टक्के शिसं अगदी तळाशी आहे, म्हणजे वाऱ्याने कलली तरी तेच तिला ओढून उभं करणार. शिडं वजनाच्या मानाने बेताची. शर्यत जिंकणार नाही, पण हलक्या वाऱ्यात रडतही बसणार नाही. वेगाची हद्द ताशी साडेसहा सागरी मैल. ती पाण्यावरच्या लांबीने ठरते, त्यामुळे जास्त शीड चढवलंत तर नुसता फेस होईल. उलटण्याच्या धोक्याचा एक ढोबळ आकडा आम्ही रुंदी आणि वजनावरून काढतो. तो दोनच्या आत हवा; तुमचा एक पॉइंट शहाऐंशी.

काकूला एवढं सांगा की होडी कलेल. शिडाची होडी कलणारच. पण कलली की लगेच जोर लावून परत येईल. वेगळ्या कागदावर सहीनिशी लिहून दिलंय. ऑफिसचा शिक्काही मारलाय, साहेब जेवायला गेले होते तेव्हा.

दोघांनी तब्येतीला जपा.

तुमची ठकी

२५ फेब्रुवारी

चि. ठकीस, काकूचे आशीर्वाद.

हे पत्र काकांना न सांगता लिहितेय. तुझा शिक्क्याचा कागद त्यांनी फ्रेम करून होडीत लावला, मग मलाही शब्द पाळणं भाग पडलं. होडी धक्क्याला बांधलेली होती, तरी मी पाय ठेवला नि ती एका अंगाला गेली. गेली ती तिथेच विचार करत बसली. मग सावकाश, उपकार केल्यासारखी परत आली. तू तर जोर लावून येईल म्हणाली होतीस. मला आकड्यांतलं कळत नाही, मी शिवणकाम करणारी बाई. पण कपडा अंगावर नीट बसला नाही की मला टेप न लावता कळतं.

वाईट वाटतं ते ह्यांचं. माझ्यासाठी किती केलंय! भोवती छातीएवढा उंच, जाड लोखंडी कठडा, वर ऊन लागू नये म्हणून लोखंडी छप्पर. वेल्डिंगवाला म्हणाला, यात हत्ती ठेवला तरी पडायचा नाही. आता नाही कसं म्हणू? पण भीती वाटते हे खरं. माझी समजूत घालायला खोटंनाटं लिहू नकोस.

तुझी काकू

१ मार्च

ती. काकांस, सा. न. वि. वि.

आधी तो फ्रेममधला कागद काढा. मी माझा शब्द परत घेतेय. तो आराखड्यातल्या होडीला दिला होता, तुमच्या कठड्या-छपराच्या होडीला नाही. मला काकूने कळवलं. तिच्यावर चिडलात तर गाठ माझ्याशी आहे. तुम्ही मूळ कागद उतरवलात नि स्वतः चढवलेलं लोखंड लिहिलंच नाहीत. मीही विचारलं नाही, ती माझी चूक. शिसं खाली असतं म्हणून होडीला सावरतं. वजन उंच चढवलं की ते तिला आडवं करायला बघतं. काकू पडू नये म्हणून जे लावलंत, तेच दोघांना पाण्यात घालेल.

पटत नसेल तर मोजा. वारा पडलेला असताना दोऱ्या सैल सोडा, होडी बाजूने डोलवा आणि हेलकावे मोजा. इकडून तिकडे नि परत, हा एक. सुस्त डोलणारी होडी बेभरवशाची. तुमच्या मापाच्या होडीला एका हेलकाव्याला अडीच सेकंदांच्या आसपास लागले पाहिजेत.

रागावलात तरी पत्र पाठवा.

तुमची ठकी

१८ मार्च

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी होडीकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी काकूनेच विचारलं, मोजायचं कधी. मी होडी डोलवली, घड्याळ तिने धरलं. माझ्याकडे दिलं तर मी सेकंद खाईन म्हणाली. दहा हेलकाव्यांना पस्तीस सेकंद! जन्मभर लंबकाचा गोळा वर-खाली करून घड्याळं वेळेवर आणली, आणि स्वतःच्या होडीत डोकं चाललं नाही. त्याच वेल्डिंगवाल्याने सगळं कापून काढलं. चारशे किलो निघालं. पुन्हा मोजलं तर दहाला चोवीस सेकंद.

पण आता काकू म्हणते, होडी पडायची नाही, मी पडेन. धरायला काही उरलं नाही ना. मी बारीक तारेचा कठडा लावला, कमरेला बांधायचा पट्टा आणतो म्हटलं. ती उठून शिवणाच्या मशीनवर जाऊन बसली. बेटाचा विषय मी बंद केलाय. तिचं नाहीच जमलं तर होडी विकून टाकीन, आणि रुसणारही नाही. निदान तिच्या देखत नाही.

तुझा काका

९ मे

चि. ठकीस, काकूचे अनेक आशीर्वाद.

ह्यांनी खरंच होडी विकायला काढली. गेल्या रविवारी एक गिऱ्हाईक आलं, बँकेतला माणूस, बोलायला गोड. त्याने विचारलं, होडी भरवशाची आहे का. हे तोंड पाडून उभे, म्हणून मीच सांगितलं. चाळीस टक्के शिसं तळाशी, उलटण्याचा आकडा दोनच्या आत, हेलकावा दोन पॉइंट चार सेकंद, आणि ते मी स्वतः मोजलेत. त्याने ऐकलं आणि म्हणाला, बाई, एवढं पटवून सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, मी घेतो. मला असा राग आला की सांगता सोय नाही. म्हटलं, होडी विकायची नाही. ह्यांचं तोंड बघायला तू हवी होतीस.

कमरेचा पट्टा मीच शिवला, तिहेरी शिवण घालून. बाजारचा टाका मला पटत नाही.

अक्षर तिरकं आलंय ते चालवून घे. वारा चांगला आहे, होडी बरीच कललीय, आणि मी एका बाजूला पाय रोवून, वही मांडीवर धरून लिहितेय. तुझे काका सुकाणूवरून सारखे विचारतायत, घाबरलीस का. म्हटलं, मधे मधे बोलू नका, माझी ओळ चुकते.

पत्र बेटावर पोचून पेटीत टाकीन. आमची आठवण ठेव, आणि जेवत जा.

तुझी काकू