मुळशीतला महायाजक

मुक्काम माले, तालुका मुळशी
३० नोव्हेंबर १९७९

ती. दादांस, धाकट्या शांतवनचा आणि घरातल्या सगळ्यांचा प्रभूच्या नावात सलाम.

इकडे आम्ही देवाच्या दयेनं ठीक आहोत. तुमची साखर किती आहे, वहिनींची कंबर कशी आहे आणि तुमच्या कोंबड्यांवरची मर थांबली का, हे सविस्तर कळवावं. (पाळकपणातून निवृत्त झालेल्या माणसानं कोंबड्या पाळू नयेत असं माझं मत होतं, पण थोरल्या भावाला मत द्यायला जाणार कोण?) आईची तब्येत उत्तम आहे, आवाज तर त्याहून उत्तम आहे. फक्त गुडघे साथ देत नाहीत. एसटीची पायरी तिला चढवत नाही, त्यामुळे दोन वर्षं झाली, पुण्याच्या चर्चला जाणं नाही आणि प्रभुभोजनाची भाकर नि प्यालाही नाही. पाळकसाहेब घरी येऊन खाटेवर द्यायला तयार होते, तर त्यांना म्हणाली, "खाटंवर आजाऱ्याला देत्यात. मी काय मराया टेकलीय व्हय? मंडळी बसंल, मी तिच्यात बसंन, तवा घीन." असा ताठा आपल्या घराण्यात कुठून आला देव जाणे. माझ्यात तर तो अजिबात नाही.

आता पत्राचं कारण. गेल्या नाताळात तुम्ही चारचौघांत म्हणाला होता की शांतवनचं रोजचं बायबलवाचन दरवर्षी जानेवारीत एदेन बागेतून निघतं आणि मार्चपर्यंत तांबड्या समुद्रात बुडतं. सगळे हसले. वहिनी जरा जास्तच हसल्या. तर दादा, कळवायला अत्यंत अभिमान वाटतो की यंदा मी समुद्र ओलांडला. नुसता ओलांडला नाही, तर जूनपासून मी मोशेच्या त्या रानातल्या देवाच्या तंबूत, निवासमंडपातच मुक्काम ठोकून आहे. जिथं भले भले वाचक पडद्यांची मापं, आकड्या आणि खुंट्या बघून गुपचूप पानं उलटतात आणि एकदम शमुवेलापाशी जाऊन निघतात, तिथं मी रोज पहाटे ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतो आणि त्यावर चहा होईपर्यंत मनन करतो. त्या मंडपाच्या फळ्या बाभळीच्या होत्या, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? माझ्या आलं. सागवानाचा हट्ट नाही, शिसवीचा नाही, रानात जे मिळतं त्यात देवानं भागवून घेतलं. हे वाचल्यापासून आमच्या कुडाच्या भिंतीबद्दल मला लाज वाटेनाशी झाली आहे.

माझ्या वाचनाला श्रोतेही आहेत. भात काढून झालं की धुळा धनगर आपली मेंढरं आमच्या खाचरात बसवतो (खताचं खत होतं, आणि त्याच्या बायकोला, तुकाबाईला, आमच्या हिच्या, इंदूच्या हातचा चहा आवडतो). होमार्पणं, शांत्यर्पणं, निर्दोष कोकरू हे सगळं तो कान देऊन ऐकतो. शलमोनानं मंदिराच्या प्रतिष्ठेला किती हजार मेंढरं अर्पण केली ते मी मननाच्या ओघात पुढचं पान काढून वाचलं, त्या दिवशी तो बोटांवर हिशेब करत बसला. मग म्हणाला, "गुरुजी, येवढी मेंढरं आली म्हंजी त्या देवळात लेंड्या कोन काडायचं?" आजवरच्या कुठल्याही प्रवचनात याचं उत्तर मी ऐकलेलं नाही. माझं मनन चालू आहे.

असो. आईच्या प्रभुभोजनासाठी मी पुण्याच्या चर्चकडे अर्ज केला की मुळशीत महिन्यातून एकदा तरी उपासना मंजूर करावी. आम्ही आहोत, कंपाउंडर लोंढ्यांचं घर आहे, धरणाच्या चाळीतली दोन कुटुंबं आहेत. त्यावर रेव्हरंड आढाव कुणाजवळ तरी म्हणाले म्हणे, की तिथं पाच माणसं आणि एक कोंबडी, उपासना कसली घ्यायची. (कोंबडी आमची नव्हती, लोंढ्यांची होती.) तरी ते गेल्या रविवारी पाहणीला आले. येताना भाकर आणि द्राक्षरस डब्यातून घेऊन आले, म्हणजे मंडळी पसंत पडली तर तिथंच प्रभुभोजन द्यायचं. आईनं आदल्या दिवशीच पांढरं पातळ काढून उशीखाली ठेवलं होतं. त्या रात्री ती दोनदा उठली आणि पातळ आहे का ते चाचपून पुन्हा झोपली. तेव्हाच मी ठरवलं की नुसती पाच डोकी दाखवून भागणार नाही. मुळशीची मंडळी काय चीज आहे ते साहेबांना दिसलं पाहिजे.

म्हणून मी महायाजकाचं वस्त्र शिवलं. (शिवलं इंदूनं, पण सूचना माझ्या होत्या.) बायबलच्या निर्गम पुस्तकात सांगितलंय तसा अखंड निळा झगा. छातीवर बारा वंशांचे बारा खडे पाहिजेत, त्यासाठी बारा रंगांची बटणं. कपाळावर सोन्याची पट्टी पाहिजे, ती मी तुपाच्या डब्याच्या पत्र्याची कापली आणि चिंचेनं घासली. झग्याच्या घेराला आळीपाळीनं डाळिंबं आणि सोन्याची घुंगरं लागतात. डाळिंबं धुळ्याकडच्या लोकरीचे गोंडे करून रंगवली. घुंगरांचं मात्र अडलं. सोनं माझ्या पेन्शनीत बसत नाही, आणि तमाशातली घुंगरं घरात येऊ द्यायला इंदू तयार नव्हती. शेवटी धुळ्याच्या कळपापुढं जे बोकड चालतात, त्यांच्या गळ्यातल्या पितळी घंटा मी मागून घेतल्या. त्यानं दिल्या, आनंदानं दिल्या, पण म्हणाला, "न्या गुरुजी, पर सकाळच्याला जपून वाजवा. ती घंटा निघाली की मेंढरं निघत्यात." मला वाटलं, धनगरांचा काहीतरी समज असेल. समजांवर विश्वास ठेवायला मी काय अडाणी आहे?

रविवारी साहेब आले. अंगणात मंडळी बसली, मेजावर पांढरं कापड, त्यावर भाकर आणि प्याला. आई पांढरं पातळ नेसून सगळ्यांच्या पुढं, सतरंजीवर, गुडघे लांब करून. मी आतून निघालो. दादा, तुम्ही पाहायला हवं होतं. पाऊल टाकलं की घंटा वाजत होत्या, कपाळावर पट्टी चमकत होती, लोंढ्यांच्या सुनेनं तर डोक्यावरचा पदर सारखा केला. मी सांगायला सुरुवात केली, की महायाजक पवित्रस्थानात जाताना ही घंटा वाजली पाहिजे, बाहेरच्या लोकांना ती ऐकू गेली पाहिजे. आणि ऐकू गेली पाहिजे म्हणून मी अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगला दणदणीत चाललो.

ती मंडळीला ऐकू गेली, आणि खाचरातल्या मेंढरांनाही. सकाळपासून बोकडांच्या गळ्यात घंटा नाहीत म्हणून ती जागची हलली नव्हती, धुळा त्यांच्या मागं ओरडून थकला होता. त्यांनी माना वर केल्या आणि बांध ओलांडून सगळा कळप सरळ आमच्या अंगणात शिरला. मी डावीकडं गेलो की ती डावीकडं, मी उजवीकडं गेलो की उजवीकडं. थांबलो तर अंगावर येऊन थांबली. माझ्या उभ्या मास्तरकीत इतका आज्ञाधारक वर्ग मला मिळाला नव्हता! साहेब बाकावर चढले. लोंढे तुळस नसलेल्या आमच्या वृंदावनावर चढले (घर घेतलं तेव्हापासूनचं ते आहे, मोडवत नाही). एका मेंढ्यानं किरमिजी डाळिंब खाल्लं आणि मागोमाग जांभळं. मी घंटा काढायला खाली वाकलो तर त्या जास्तच वाजल्या. या गडबडीत मेजाचा पाय निसटला, द्राक्षरस मातीत गेला, आणि भाकर एका ठिपक्याच्या मेंढीनं, मी अगदी समोर असताना, दोन घासांत संपवली.

मला सुचलं ते मी बोललो. म्हटलं, साहेब, दावीद भुकेला होता तेव्हा त्यानंही देवाच्या घरातली समर्पित भाकर खाल्लीच होती. साहेब बाकावरूनच म्हणाले, "गुरुजी, ती मेंढी दावीद नव्हे." यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मी त्यांना एवढं मात्र सुनावलं की यरुशलेमेचं मंदिर म्हणजे तुमच्या चर्चसारखा गालिचा अंथरलेला हॉल नव्हता. तिथं मेंढरांचं बें-बें होतं, धूर होता, लोकरीचा वास होता, आणि माणसं हातात छत्री घेऊन नव्हे, खांद्यावर कोकरू घेऊन देवाकडं जायची. तेव्हा खऱ्या मंदिराची उपासना गेल्या दोन हजार वर्षांत कुठं झाली असेल तर ती गेल्या रविवारी, मुळशी तालुक्यात झाली. साहेब शिंकत होते म्हणून त्यांना सगळं ऐकू आलं की नाही, सांगता येत नाही. त्यांना लोकरीचा त्रास होतो, हे आम्हाला आधी कळवायला नको का?

आई मात्र जागची हलली नाही. दोन्ही बाजूंनी मेंढरं जात होती आणि ती मधे बसून होती. एक कोकरू तिच्या मांडीला टेकलं तर तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तुकाबाई धावत आली, म्हणाली, आत्याबाई, उठा, तुडवत्याल. तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. देवळात आदी ह्यांचाच मान व्हता." दादा, मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, सहा महिने लेवीय वाचलं, पण असं वाक्य मला एकदाही सुचलं नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. (कपाळावरची पट्टी टोचत होती, तेही एक कारण असेल.)

धुळ्यानं घंटा बोकडांच्या गळ्यात बांधल्या आणि कळप गेला. साहेबांची एसटी आली आणि साहेब गेले. इंदूनं घरातली भाकरी पुढं केली होती, पण रस नव्हता, वेळ नव्हता आणि साहेबांना श्वासही नव्हता. आईनं पातळाची घडी केली आणि ते पुन्हा उशीखाली ठेवलं. ट्रंकेत नाही ठेवलं.

तर अशी ही हकीकत. एकंदरीत प्रसंग अत्यंत यशस्वी झाला असं माझं मत आहे. गावात मला आता सगळे महायाजक म्हणतात, आणि मी त्यांना अडवत नाही. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

आपला धाकटा,
शांतवन

ता. क. वहिनी गेल्या खेपेला जी निळी चादर इथं विसरून गेल्या, ती विसरल्या नव्हत्या आणि आम्हाला देऊन गेल्या होत्या असं धरून चालावं. तिच्यात आता बाह्या आहेत.

ता. क. पत्र बंद करता करता साहेबांचं कार्ड आलं. मंजुरी दिली! लिहितात की जी म्हातारी मेंढरांच्या कळपात प्याल्याची वाट बघत बसते, तिला नाही म्हणायची आपली छाती नाही. मात्र त्यांना दम्यामुळं येणं जमणार नाही. दीक्षा झालेला पाळक मंडळीनं आपला आपण शोधावा, निवृत्त असला तरी चालेल.

ता. क. पत्र दोन दिवस टपालात टाकलंच नाही; आता खरं लिहितो. कार्ड मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मोशे आन् अहरोनात थोरला कोन रं?" मी म्हटलं, अहरोन, तीन वर्षांनी, आणि पहिला महायाजकही तोच. "मंग झगा तू कशापाई घातलास?" दादा, सहा महिने हेच रोज वाचत होतो आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. आईला प्रभुभोजन द्यायला दादांनाच आधी का बोलावलं नाही, असं इंदू म्हणाली. तिला मी चहा टाकायला सांगितलं, तुम्हाला एवढंच सांगतो. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी या. तुम्ही येणार म्हणून मी गावभर सांगून बसलो आहे, तेव्हा माझी अब्रू तुमच्या हातात. कोंबड्यांना कुणीही दाणे टाकील. आईनं कालपासून तुमचं अंथरूण उन्हात घालायला सुरुवात केली आहे.